रिफर्बिश्ड डेस्कटॉप, काही महिन्यांनंतर: सुरू करताच डायग्नोस्टिक्समध्ये जाणारं मशीन

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा दुकानातला जुना संगणक बदलणं भाग होतं. देवरुखात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोकांची आधार कार्डं, दाखले, बँकेचे कागद या मशीनवरून जातात, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं मशीन ठेवणं मला पटत नव्हतं. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्या पिढीची, ऑफिसांतून निघालेली मशीनं रिफर्बिश्ड (वापरलेल्या, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायच्या वस्तूंच्या) बाजारात भरपूर आहेत. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून असाच छोटा डेस्कटॉप मागवला: आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (विंडोज आणि फाइली जिच्यावर राहतात ती वेगवान डिस्क).

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. दोन प्रिंटर, स्कॅनर आणि ब्राउझरच्या डझनभर टॅब एकदम उघड्या असल्या तरी मशीन अडत नाही. आवाज जवळपास नाही. खोकं एवढं लहान आहे की काउंटरवर कागद ठेवायला जागा उरली. माझ्यासारख्या कामाला यापेक्षा महाग मशीनची गरज नाही, हे मी आजही ठामपणे सांगेन.

थंडी पडली आणि त्रास सुरू झाला. सकाळी बटण दाबलं की विंडोजऐवजी थेट हार्डवेअर डायग्नोस्टिक्स, म्हणजे मशीनच्या भागांची चाचणी घेणारा प्रोग्राम, उघडायचं. रॅम, प्रोसेसर, पंखा, सगळ्यांपुढे 'पास'. रीस्टार्ट केलं की विंडोज बिनतक्रार सुरू, आणि दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. फॉर्मची शेवटची तारीख असते, माणसं बाकावर बसलेली असतात आणि आपण पडद्यावर हिरव्या खुणा बघत उभे असतो.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर मिळालं, "विंडोज नव्यानं टाका." हे मला पटलं नाही. विंडोजच्या फाइली बिघडल्या असत्या तर त्या रीस्टार्टनं आपोआप कशा सुधारतील?

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मशीन स्वतःहून डायग्नोस्टिक्समध्ये गेलं म्हणजे काही जळलं असं नाही. बायोसकडे, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनमधल्या मूळ प्रोग्रामकडे, बूट करायच्या (जिथून मशीन सुरू करायचं त्या) ठिकाणांची क्रमवार यादी असते. पहिल्या ठिकाणी काही सापडलं नाही तर ते पुढच्याकडे वळतं, आणि बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये शेवटचा थांबा डायग्नोस्टिक्सचा असतो. म्हणजे ते सांगतंय, "मला सुरू करायला काही मिळालं नाही." का मिळालं नाही, हे शोधायचं असतं.

कीबोर्ड काढून सुरू करून पाहिलं, कारण एखादी फंक्शन की दाबलेली राहिली तरी असंच होतं. लॅपटॉपवाल्यांनी तर हे आधी बघावं. फरक पडला नाही. मग मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल. तो संपला की बायोसची तारीख मागे जाते आणि सेटिंग मूळपदावर येण्याची शक्यता असते. माझ्याकडे रात्रभर भिंतीवरच्या स्विचबोर्डावरून वीज बंद असूनही तारीख-वेळ अचूक होती, म्हणजे सेलवर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

उलगडा झाला तो डायग्नोस्टिक्सचाच अहवाल सावकाश वाचल्यावर. सगळं 'पास' होतं, पण यादीत एसएसडीची ओळच नव्हती. जे दिसत नाही त्याची चाचणी कशी होणार? तिथूनच रीस्टार्ट न करता बायोसमध्ये गेलो, तर तिथेही स्टोरेज रिकामं. तुमच्याकडे असं झालं तर मशीन बिघडलेल्या अवस्थेत असतानाच हे बघा. एकदा विंडोज सुरू झालं की पुरावा गेला.

खोकं उघडण्याआधी दोन कामं केली. विक्रेत्याकडून सील तोडायची परवानगी मेसेजवर लेखी घेतली, आणि बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवली. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर डेटा गेलाच म्हणून समजा.

वायर काढून, पॉवर बटण थोडा वेळ दाबून आतली उरलीसुरली वीज घालवली आणि झाकण उघडलं. एम.२ प्रकारची, पट्टीसारखी एसएसडी खाचेत तिरकी बसवून, आडवी दाबून टोकाला बारीक स्क्रूनं आवळायची असते. स्क्रू नसेल तर ती वर उचलली जाते. माझ्या मशीनमध्ये स्क्रू नव्हताच. त्याजागी दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा होता, आणि उष्णतेनं तो सैल झाला होता. माझा अंदाज असा की सकाळच्या गारठ्यात कनेक्टरचा संपर्क सुटायचा आणि मशीन थोडं तापलं की परत जुळायचा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून योग्य मापाचा स्क्रू आणला, एसएसडी नीट बसवून आवळली. त्यानंतर सबंध थंडी गेली, अधूनमधून वीज गेली-आली, पण डायग्नोस्टिक्स एकदाही आपणहून उघडलेलं नाही.

एसएसडी बायोसमध्ये दिसत असेल आणि तरीही मशीन तिकडेच जात असेल, तर रोग वेगळा. मग बायोसमधल्या बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' (विंडोज सुरू करून देणारी नोंद) आहे का ते पाहा. नसेल तर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बीसीडीबूट' या कमांडनं बूट फाइली पुन्हा लिहिता येतात. डेटाला धक्का लागत नाही. शेजारच्या दुकानदाराचं मशीन याच वाटेनं पूर्ववत झालं.

चिकटपट्टीबद्दल मात्र माझा राग गेलेला नाही. काही रुपयांचा स्क्रू वाचवून कुणाच्या तरी रोजीरोटीचं मशीन लटकत ठेवायचं, हे चूक आहे. त्यामुळे मशीनला माझे साडेचार तारे, विक्रेत्याला दोन. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी झाकण उघडून एसएसडीचा स्क्रू दाखवायला सांगा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तिचे वापराचे तास व उरलेलं आयुष्य बघा. मुंबईहून कुरिअरनं मागवत असाल तर याच दोन गोष्टींचे फोटो आधी मागवा.