पाणी तपासण्याचे थेंबांचे किट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात सासऱ्यांच्या घरी असलेल्या जुन्या फिश टँकमध्ये विडो टेट्रा जातीचे मासे वर्षानुवर्षे ठणठणीत आहेत. नव्याने आणलेली मॉली मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी मेलेली आढळे. अंगावर डाग नाही, पंख फाटलेले नाहीत, पाणी नितळ. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असे, ‘पाणी मानवलं नसेल.’ ते उत्तर खरेच होते, पण पाण्यातले नेमके काय मानवले नाही, हे या किटमुळे समजले.

किटमध्ये अमोनिया (माशांच्या उत्सर्जनातून येणारा विषारी पदार्थ), त्यापासून जीवाणू बनवतात ते नायट्राइट व नायट्रेट, आणि पीएच (पाण्याची आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितके पाणी आम्ल) यांच्या चाचण्या आहेत. नळीतल्या पाण्यात रसायनाचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग रंगपट्टीशी ताडायचा. पहिल्याच तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आले, नायट्रेटची नळी रंगपट्टीतल्या शेवटच्या गडद लाल रंगाला जाऊन भिडली आणि पीएच ६ भरला. नळाच्या पाण्याचा पीएच त्याच किटवर ७.४ होता, म्हणजे टँकमधल्या पाण्याची आम्लता सुमारे २५ पट. अमोनियाचे नायट्रेट करताना फिल्टरमधले जीवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देणारी क्षमता, खर्च करतात, आणि धरणाच्या मृदू पाण्यात ती मुळातच थोडी असते. शिवाय पाणी न बदलता केवळ आटलेले भरून काढण्याची त्या घरची जुनी रीत. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, नायट्रेट मागेच साचत राहतो. टेट्रांना हा बदल इतक्या सावकाश झाला की त्यांनी तो पचवला. मॉली हा जड, क्षारयुक्त पाण्यात रमणारा मासा. तिला तो एका रात्रीत सोसावा लागला.

किटचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो, तो म्हणजे दुकानातून आणलेल्या पिशवीतले पाणी तपासणे. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना तो एक टक्क्याहून कमी, तर ८ असताना सुमारे पाच टक्के असतो. म्हणूनच उघडी पिशवी तासन्‌तास पाण्यावर तरंगत ठेवणे मला आता धोक्याचे वाटते.

वापरताना बाटली अगदी उभी धरावी, नाहीतर थेंब लहानमोठे पडतात. नायट्रेटची दुसरी बाटली जोर लावून हलवावी लागते. तळाशी बसलेला साका मिसळला नाही, तर आकडा फसवा आणि कमी येतो. रंग दिवसाच्या उजेडात खिडकीशी पाहावा. अमोनियाचा पिवळा आणि अगदी फिकट हिरवा यांत फरक करणे तरीही कठीण जाते, ही या किटची खरी उणीव आहे. क्षारतेची चाचणी यात नाही, आणि आमच्या बाबतीत तीच सर्वांत गरजेची होती. ती वेगळी विकत घ्यावी लागली.

दर आठवड्याला थोडे थोडे पाणी बदलून पीएच ७ च्या वर आणल्यावर आणि क्षारता वाढवल्यावर नव्या मॉली टिकल्या. त्यानंतर एक मॉली दगावली, तेव्हा मात्र चारही आकडे निर्दोष होते. आतला आजार, परजीवी किंवा प्रवासातला ताण या थेंबांत दिसत नाही. त्यामुळे नवे मासे आता आधी काही आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवतो, आणि तिथलेही पाणी याच किटने तपासतो.