स्क्रू दिसत होते, आत काय होतं ते मी विचारलंच नाही

गेल्या जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पठारावर आम्ही दीड तास धुक्यात भरकटलो. बरोबर चौदा वर्षांचा भाचा होता. निघताना मी माझ्या बहिणीला शब्द दिला होता, काळजी करू नकोस, या घड्याळात वाट साठून राहते. ती साठतच नव्हती. पावसात गड चढणाऱ्यांनी घड्याळ घेण्याआधी हे वाचावं, एवढ्याचसाठी लिहितोय.

मे महिन्यात पुण्यातल्या एका दुकानात गेलो. काउंटरवर दोन घड्याळं मांडली गेली. एक नेहमीचं पातळ स्मार्टवॉच, मागे ५ एटीएम हा पाण्याचा दाब सोसण्याचा आकडा लिहिलेलं, साडेसात हजारांचं. दुसरं जाडजूड, काचेभोवती चार स्क्रू, खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड', आयपी ६८ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) आणि जीपीएस. किंमत आठ हजार दोनशे. "याला स्वतःचं जीपीएस आहे ना?" असं मी स्पष्ट विचारलं. "आहे ना दादा. गडावर जाणारी पोरं हेच नेतात. ते दुसरं ऑफिसात घालायला ठीक." सातशे रुपयांसाठी कशाला मागे बघायचं, म्हणून जाडजूड घेतलं. बिलावर त्याने 'स्मार्ट वॉच, १ नग' एवढंच लिहिलं. मी ते घडी करून खिशात टाकलं.

खिरेश्वरहून निघालो. तोलार खिंडीपर्यंत वाट मळलेली आहे, पुढचा कातळटप्पा रेलिंग धरून चढता येतो. खरी कसोटी त्यानंतर. एकामागून एक सारख्या दिसणाऱ्या टेकड्या, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. बॅटरी वाचावी म्हणून फोन मी पायथ्यालाच बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला होता. घड्याळ आहे या भरवशावर. वाट चुकल्याचं लक्षात आलं तेव्हा मनगट वर केलं. पावलांचा आकडा होता, हृदयाचे ठोके होते. नकाशाच्या जागी कोरा चौकोन. "मामा, आपण कुठून आलो?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोराचे दात वाजत होते. शेवटी एका वाटाड्याबरोबर निघालेल्या गटाच्या हाका ऐकू आल्या आणि त्यांच्या मागोमाग आम्ही देवळाशी पोचलो.

रात्री गुहेत बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर काचेच्या आतून वाफ धरली होती. सकाळी घड्याळ बंद. घरी आल्यावर एका स्क्रूखाली नख घातलं, तो टिकलीसारखा सुटून हातात आला. खाली वाळलेला गोंद, भोक नाहीच. ती टिकली अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मग एकेक गोष्ट समजत गेली. 'मिलिटरी ग्रेड' म्हणजे बहुतेक वेळा मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणीपद्धतींकडे बोट असतं. २०१९ पासून तिची 'एच' आवृत्ती चालू आहे. पण त्या चाचण्यांत पास झाल्याचा शिक्का देणारी सरकारी संस्था नाही. कोणत्या चाचण्या करायच्या हे उत्पादकच ठरवतो. आयपी ६८ मध्येही किती खोली, किती वेळ, हे तोच जाहीर करतो, आणि चाचणी गोड्या पाण्यातली असते. माझ्या खोक्यावर यातलं काहीही नव्हतं, नुसते मोठे शब्द. जे पातळ म्हणून मी बाजूला सारलं, त्यावर निदान ५ एटीएम, म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका दाब, असा मोजता येणारा आकडा होता.

जीपीएसचा खेळ जास्त वाईट. घड्याळ फोनचं जीपीएस उसनं घेत होतं. फोन बंद, की वाट बंद. हे दुकानातच तपासता येतं. फोनचं ब्लूटूथ बंद करा, बाहेर मोकळ्या आभाळाखाली या, चालण्याची नोंद सुरू करा. स्वतःचं जीपीएस असलेलं घड्याळ उपग्रह पकडायला थोडा वेळ घेतं. मग शंभर-दोनशे पावलं चाला आणि नंतर फोन जोडून रेघ उमटलीय का बघा. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर तिथं घेऊ नका.

परत गेलो तर उत्तर मिळालं, "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पण तोंडी काय सांगितलं याचा पुरावा काय? बिलावर साधं मॉडेलचं नावही नव्हतं. दुकानदाराने तेच घड्याळ बदलून द्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हणालो. त्या घड्याळाच्या भरवशावर दुसऱ्या कुणाचं पोर मी नेणार नाही.

दिवाळीआधी दुसऱ्या दुकानात गेलो. पुन्हा एक स्क्रूवालं घड्याळ पुढे आलं, पुन्हा तेच, जीपीएस आहे साहेब. मी म्हटलं, "बिलावर मॉडेल लिहा, आणि खाली लिहा, फोनशिवाय चालणारं जीपीएस." मुलगा आत शेठना विचारायला गेला. बाहेर आला आणि ते घड्याळ उचलून परत कपाटात ठेवलं.

"यात नाहीये तसं," म्हणाला, आणि एक साधं पातळ घड्याळ काढलं. त्याच्या बिलावर ती ओळ त्याने लगेच लिहून दिली.