शनिवारचा 'अथेनियम': फोंड्यात बसून वाचलेलं १८५९ साल

लंडनचं 'अथेनियम' हे साहित्य, विज्ञान आणि कलांचं साप्ताहिक १८२८ साली सुरू झालं आणि १९२१ साली दुसऱ्या साप्ताहिकात विलीन झालं. त्याचे जुने सहामाही खंड स्कॅन होऊन मोफत मिळतात. त्यांतले १८५९ चे दोन्ही खंड मी गेल्या पावसाळ्यात उतरवून घेतले. अंक मुळात शनिवारी निघायचा, म्हणून मीही शनिवारीच वाचायचं ठरवलं आणि आठवड्याला एकाच अंकाची शिस्त पाळली. शाळेत विज्ञान शिकवते आणि वाचनाची ओढ कथा-कादंबऱ्यांकडे आहे. मला या दोन्ही गोष्टी एकाच अंकात हव्या होत्या.

आधी वापराचं सांगते. मोबाइलवर वाचायला जाऊ नका. पानावर तीन रकाने आणि मुंगीएवढं अक्षर. टॅबलेट उभा धरून एकेक रकाना मोठा करत वाचावं लागतं. फाइल जड आहे, त्यामुळे आधीच उतरवून ठेवलेली बरी. आमच्याकडे आषाढात वीज आणि नेट दोन्ही एकदमच जातात. शब्द शोधायची सोय आहे, पण यंत्रानं अक्षरं ओळखताना शेजारशेजारचे रकाने एकमेकांत मिसळलेत, त्यामुळे नाव टाकून शोधण्यावर भरवसा ठेवू नये. खंडाला जोडलेली सूची त्यापेक्षा कितीतरी कामाची आहे.

अंकाच्या सुरुवातीला जाहिराती येतात. मग मोठी परीक्षणं, छोट्या पुस्तकांची चार-चार ओळींची दखल, साहित्यवर्तुळातल्या वार्ता, विद्वत्सभांच्या बैठकींचे वृत्तान्त आणि शेवटी चित्रकला, संगीत, नाटक. सप्टेंबरच्या अंकांत ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अॅबर्डीन अधिवेशनाचे वृत्तान्त आहेत. त्या वर्षीचे अध्यक्ष होते राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट. भूगर्भशास्त्रावरचं भाषण आणि नव्या कादंबरीचं परीक्षण एकाच वाचकासाठी छापलेलं असतं. विज्ञान वेगळ्या कप्प्यात ठेवायचं, हा विचारच तिथं नाही. नववीच्या वर्गात मला हेच करायला आवडतं, पण दाखवायला असा नमुना हाताशी नव्हता.

संस्थापक जेम्स सिल्क बकिंगहॅम. कंपनी सरकारवर टीका केली म्हणून १८२३ साली त्याला कलकत्त्यातून हद्दपार केलं होतं. पण साप्ताहिकाला घडवलं ते चार्ल्स डिल्कनं. १८३० साली सूत्रं हाती आल्यावर पुढच्याच वर्षी त्यानं किंमत आठ पेन्सवरून चार पेन्सवर आणली. त्या काळी कित्येक नियतकालिकं प्रकाशकांच्या पैशावर पुस्तकांची वाहवा करत. डिल्कनं ते बंद पाडायचा चंग बांधला. लेखकांची भीड पडू नये म्हणून त्यानं समारंभांत, मेजवान्यांत जाणंही सोडलं.

हे वाचून मी बराच वेळ गोव्याचाच विचार करत राहिले. आपल्याकडे पुस्तकाचं प्रकाशन होतं, दीपप्रज्वलन होतं, दुसऱ्या दिवशी फोटोसह बातमी येते आणि पुस्तकाबद्दलचं लिखाण तिथंच संपतं. लेखक, वक्ता, परीक्षक पुढच्या आठवड्यात पुन्हा एकाच सभागृहात शेजारी बसणार असतात. मग वाईट कोण लिहिणार? १८३२ पासून सार्वजनिक ग्रंथालय असलेल्या पणजीच्या या मुलखात वाचक कमी नाहीत. कमी आहे तो परीक्षकाला लागणारा दुरावा.

'अथेनियम'चा दुसरा उपाय म्हणजे निनावी परीक्षणं. याबाबत वर्षभरात माझं मत बदललं. फेब्रुवारी १८५९ मध्ये 'अॅडम बीड' या कादंबरीचं मनापासून स्वागत करणारं परीक्षण आहे. ते जेराल्डिन ज्यूजबरी यांचं. या बाईंनी इथं दोन हजारांहून जास्त परीक्षणं लिहिली आणि त्या काळच्या वाचकाला त्यांचं नाव दिसलं नाही. संपादकीय प्रतींवर परीक्षकांची नावं टिपून ठेवलेली होती, म्हणून आज ती कळतात.

नंतर आला १९ नोव्हेंबरचा अंक, पान ६५९. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' २४ नोव्हेंबरला बाजारात यायचं होतं, त्याच्या पाच दिवस आधी हे परीक्षण छापून आलं. डार्विननं त्या पुस्तकात माणसाच्या उगमाबद्दल जवळपास काहीच लिहिलेलं नाही, तरी परीक्षकानं माकडापासून माणूस हाच मुद्दा पुढं ओढला आणि शेवटी लेखकाला धर्मशास्त्र्यांच्या आणि प्राध्यापकांच्या हवाली करून टाकलं. डार्विन दुखावला. हा मला स्वतः जाळणार नाही, पण सरपण रचून देईल, अशा अर्थाचं त्यानं मित्राला, हूकरला, लिहिलं. परीक्षक होता जॉन लीफचाइल्ड. हा मजकूर खाली नाव घालून त्यानं असाच लिहिला असता, असं मला वाटत नाही. डिल्कचा दुरावा मला हवा, पण परीक्षणाखाली नावही हवंच.

मराठीत परीक्षणं लिहिणाऱ्यांनी एखाद्या वर्षाचा खंड जरूर घ्यावा. संदर्भापुरतं चाळणाऱ्याला तो कोरडा वाटेल, कारण गोडी सलग वाचण्यात आहे. संगीत-नाटकाची पानं मी हल्ली भरभर उलटते. प्रयोग पाहिल्याशिवाय ती पोचत नाहीत.

पुढचा खंड १९१९ चा घेणार आहे. तेव्हा संपादक होते जॉन मिडलटन मरी, नव्या कादंबऱ्यांवर कॅथरिन मॅन्सफिल्ड लिहीत होत्या आणि जे. डब्ल्यू. एन. सलिव्हन सामान्य वाचकाला आइन्स्टाइन समजावून सांगत होते.