प्रेग्नन्सीचं ‘गट हेल्थ’ (म्हणजे आतड्यांचं आरोग्य) पॅकेज: वजन जास्त असेल तर पैसे भरायच्या आधी वाचा (ठाणे)

५ पैकी २ स्टार, आणि ते दोन्ही डाएट कोचसाठी. कॅप्सूलला माझ्याकडून शून्य.

मी घोडबंदर रोडला राहते, सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. उंची ५ फूट २ इंच आणि सुरुवातीचं वजन ८४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३४ च्या जवळपास. आपल्याकडे भारतीयांसाठी २५ च्या पुढेच ओबेसिटी धरतात, त्यामुळे फाईलवर पहिल्याच व्हिजिटला ‘ओबीस’ लिहून आलं होतं. हे आकडे मुद्दाम देतेय कारण हे पॅकेज खास आमच्यासारख्यांनाच विकलं जातंय, वजन जास्त असलेल्या, शुगर येईल का, बीपी वाढेल का या टेन्शनमध्ये असलेल्या बायकांना. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, एकतर अशी पॅकेजेस आता बरीच निघालीत आणि सगळ्यांची जाहिरात साधारण एकच असते, त्यामुळे जे लिहितेय ते कुठल्याही पॅकेजला लावून बघता येईल.

मिळतं काय तर तीन महिन्यांचा प्लॅन, आतड्यातले जंतू बघायला घरी येणारं स्टूल टेस्टचं किट, रोजची एक प्रोबायोटिक (म्हणजे ‘चांगले’ जिवंत जंतू असलेली) कॅप्सूल, दर आठवड्याला कोचचा फोन आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. किंमत ऑफर लावून नऊ हजारांच्या आसपास.

स्टूल टेस्टबद्दल पटकन सांगते. रंगीत रिपोर्ट येतो, शंभरपैकी स्कोअर असतो, ‘वाईट बॅक्टेरिया जास्त’ असं लाल अक्षरात असतं. नौपाड्यातल्या माझ्या गायनॅक डॉक्टरांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या की यावरून मी तुझ्या ट्रीटमेंटमध्ये काहीही बदलू शकत नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. प्रेग्नन्सीत आतड्यातले जंतू तसेही बदलतातच. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या ९१ बायकांवरचा अभ्यास आला होता, त्यात शेवटच्या तिमाहीत त्यांचे जंतू वजन आणि शुगरचा त्रास असलेल्या माणसांसारखे दिसायला लागले होते, आणि ते जंतूविरहित उंदरांमध्ये सोडले तर उंदीर जाड झाले आणि त्यांच्यावर इन्सुलिनचा असर कमी झाला. एरवी हा आजार वाटेल, पण पोटातल्या बाळाला साखर जास्त मिळावी म्हणून शरीर हे स्वतःच करत असावं असं संशोधकांचं म्हणणं. त्यामुळे सातव्या महिन्यातल्या बाईचा रिपोर्ट इतरांच्या चार्टवर ठेवून लाल रंग देणं मला अजिबात पटलं नाही. ओटीभरणाच्या दिवसांत बाईला असं घाबरवू नये.

आता कॅप्सूल, इथे जरा सविस्तर लिहिते.

जाहिरातीत ‘शुगर कंट्रोल, वेट कंट्रोल, आई आणि बाळाची गट हेल्थ’. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’. कारण हे औषध म्हणून विकलं जात नाही, फूड सप्लिमेंट म्हणून विकलं जातं. समोर मोठ्ठं ‘५० बिलियन सीएफयू’, म्हणजे पाच हजार कोटी जंतू. आपल्या एफएसएसएआयच्या (खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमात रोजच्या डोसमध्ये किमान १० कोटी जिवंत जंतू हवेत, त्या मानाने आकडा भारीच, पण पुढे ‘उत्पादनाच्या वेळी’ असं लिहिलंय. पार्सल माझ्याकडे आलं ते मे महिन्यात, दुपारभर डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत फिरून, ना आईसपॅक ना काही. एक्सपायरीपर्यंत किती जिवंत राहतील ते लिहिणारं लेबल शोधा, तोच आकडा कामाचा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीच्या जंतूचा नेमका उपप्रकार. लेबलवर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ होतं, पुढचा नंबर नाहीच. हे म्हणजे डोंबिवलीत उतरून ‘कुलकर्णींचं घर कुठे’ विचारण्यासारखं झालं. त्याच नावाचे जीजी आणि एचएन००१ हे दोन वेगवेगळे स्ट्रेन आहेत, दोघांवरचे अभ्यास वेगळे, रिझल्ट वेगळे. कोचला विचारलं तर तिने मला न्यूझीलंडच्या २०१७ च्या स्टडीची लिंक पाठवली. त्यात एचएन००१ घेणाऱ्यांमध्ये प्रेग्नन्सीतला डायबेटिस कमी दिसला होता, विशेषतः ३५ च्या पुढच्या आणि आधीच्या बाळंतपणात शुगर आलेल्या बायकांमध्ये. चांगली गोष्ट आहे, पण त्या बायका घरात अ‍ॅलर्जीची हिस्ट्री आहे म्हणून निवडल्या होत्या, वजनावरून नाही, आणि माझ्या बाटलीत एचएन००१ आहे की नाही हे खुद्द कंपनीच सांगत नव्हती.

मग खास वजन जास्त असलेल्या गरोदर बायकांवर कोणी बघितलंय का? बघितलंय ना, आणि एकदा नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये ४११ बायकांवर ट्रायल झाली, २०१९ मध्ये छापून आली, ऱ्हॅम्नोसस जीजी आणि बिफिडोबॅक्टेरियम बीबी-१२ ही जोडी २० आठवड्यांच्या आधीपासून दिली. डायबेटिस झाला प्रोबायोटिक घेणाऱ्या १८.४ टक्के बायकांना आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या १२.३ टक्के बायकांना. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो एवढाच आहे, पण फायदा तर दिसलाच नाही. फिनलंडमध्ये ४३९ जणींचे गट करून काहींना एचएन००१ आणि अजून एक जंतू, काहींना सोबत फिश ऑइलसुद्धा दिलं, तिथेही डायबेटिस कमी झाला नाही. न्यूझीलंडमध्येच ऑकलंडच्या दक्षिण भागात बीएमआय ३० च्या पुढच्या २३० बायकांवर बघितलं, तर कॅप्सूलने ना आईचं वाढणारं वजन कमी झालं ना बाळाच्या वजनात फरक पडला. म्हणजे जाहिरातीत लिहिलेल्या शुगर आणि वजन या दोन्ही गोष्टी नेमक्या आमच्यासारख्या बायकांवर तपासून झाल्यात आणि उत्तर ‘नाही’ आलंय. तरी जाहिरात चालूच. याचा मला खरंच राग येतो.

आणि खरं कारण ज्यासाठी मी हे सगळं टाईप करत बसलेय ते बीपीचं. डॉक्टरांना बाटली दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कोणाला बीपी आहे का. माझ्या आईला आहे, आणि तिला माझ्या वेळेस प्रेग्नन्सीतही झालं होतं. लगेच म्हणाल्या, मग ही बंद कर. २०२१ मध्ये कॉक्रेनचा (सगळ्या ट्रायल्स एकत्र करून पुरावा तपासणाऱ्या संस्थेचा) रिव्ह्यू आला, सात ट्रायल्स, १,६४७ बायका, प्रोबायोटिकने प्रेग्नन्सीतली शुगर टळते का एवढंच तपासायला. शुगरबद्दल ठोस फायदा सापडला नाही, पण प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे प्रेग्नन्सीत बीपी वाढून किडनी-लिव्हरवर ताण येतो तो प्रकार, प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये साधारण १.८५ पट दिसला. चार ट्रायल्समधल्या ९५५ बायकांवरून निघालेला हा आकडा आहे आणि रिव्ह्यूवाल्यांनी या पुराव्याला वरचा दर्जा दिलाय. वजन जास्त असलं की प्रीएक्लॅम्प्सियाची रिस्क मुळातच जास्त असते. त्यात आणखी भर कशाला घालायची, तीही पदरचे पैसे देऊन? पॅकेजच्या वेबसाईटवर, बाटलीवर, ग्रुपवर याबद्दल एक ओळ नाही.

ज्या आत्ता घेतायत त्यांनी घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना बाटली दाखवा आणि बीपी मोजत राहा. १४०/९० किंवा वर गेलं, डोकं सारखं दुखतंय, डोळ्यांसमोर चमकतंय, बरगडीखाली उजवीकडे दुखतंय, चेहरा अचानक सुजलाय, यातलं काहीही झालं तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. आणि अँटिबायोटिक चालू असताना किंवा जुलाब होत असताना डॉक्टरांनी स्वतः थोडे दिवस काही लिहून दिलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, ते माझं वाचून बंद करू नका.

कॅप्सूल घेत होते तेव्हा सुरुवातीला गॅस आणि पोट फुगणं वाढलं, मग कमी झालं. पोट साफ व्हायला लागलं हे खरं, पण तेव्हाच कोचने खाणंही बदललं होतं, आणि कॅप्सूल बंद केल्यावरही पोट छानच आहे, तर श्रेय खाण्याला.

आता त्या दोन स्टारबद्दल. कोच मुलगी गुणी आहे. प्रेग्नन्सीत हार्मोनमुळे आतडी मंद होतात आणि वर लोहाची गोळी, त्यामुळे बद्धकोष्ठ होणारच हे तिने नीट समजावलं. गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्यायची. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, पेरू, सकाळी नाचणीची आंबील, दुपारी ताक. इसबगोल डॉक्टरांना विचारून, आणि घेतलं तर भरपूर पाण्यासोबत. सगळं जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये मिळतं, काही परदेशी मागवायला लावलं नाही. सासूबाई सारख्या म्हणायच्या, “दोन जिवांची आहेस गं, अजून एक घे.” कोचने एकदा स्पीकरवर त्यांच्याशीच बोलून घेतलं, “काकू, भात बंद नाही करायचा, तिला आधी भाजी-आमटी वाढा, मग भात वाढा.” त्या दिवसापासून आमच्याकडे ताट तसंच वाढलं जातं. बीएमआय ३० च्या पुढे असेल तर पूर्ण प्रेग्नन्सीत ५ ते ९ किलो वाढ पुरते हेही तिनेच सांगितलं आणि ते डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळलं. माझी ग्लुकोज टेस्ट, म्हणजे ७५ ग्रॅम पिऊन दोन तासांनी, १४० च्या आत आली. फक्त एक खटकलं, ‘कॅप्सूल चालू आहे ना, मग शुगरचं टेन्शन नको’ हे तीसुद्धा म्हणायची. तिला शिकवलंय तसं ती बोलणार, पण हे ऐकून कोणी टेस्ट टाळली तर?

ग्रुपवर बऱ्याच जणी विचारतात की मग दही किंवा याकुल्ट चालेल का. घरच्या दह्यात कुठले जंतू किती हे कोणी मोजलेलं नसतं, पण प्रोटीन आणि कॅल्शियम नक्की मिळतं, मी रोज वाटीभर खाते, डॉक्टरांची काहीच हरकत नाही. याकुल्टच्या ६५ मिलीच्या बाटलीत शिरोटा स्ट्रेनचे ६५० कोटी जंतू असतात, स्ट्रेनचं नाव आणि आकडा दोन्ही स्पष्ट लिहिलेलं असतं हे चांगलं, पण त्यात साखर आहे आणि तेही प्रोबायोटिकच आहे, त्यामुळे शुगर किंवा बीपीची रिस्क असेल तर रोज सुरू करण्याआधी विचाराच.

रिफंडचं म्हणाल तर उघडलेल्या बाटलीचे पैसे मिळाले नाहीत, न उघडलेल्या दोन बाटल्या परत घेतल्या, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मेल करावी लागली. कोचचे फोन चालू ठेवलेत. नुसतं कोचिंग वेगळं मिळतं का ते पैसे भरायच्या आधी विचारा, वेबसाईटवर लिहिलेलं नाही पण फोन करून मागितलं की देतात, आणि बरंच स्वस्त पडतं.