नोकरी घेतली तर पेन्शन जाईल का? दिव्यांगांचे कोणते लाभ कमाईने जातात आणि कोणते राहतात

नोकरी लागली की पेन्शन बंद, एसटीची सवलत बंद, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) परत करायचं, असा समज घरोघरी आहे. यातलं पहिलं बऱ्याचदा खरं असतं. बाकी दोन्ही साफ खोटं. पण या समजापायी चालून आलेलं काम नाकारणारे पुष्कळ आहेत. उलट काहीजण न विचारता नोकरी धरतात आणि पाच हजार जास्त मिळवण्याच्या नादात वीस हजारांचं निवृत्तिवेतन घालवून बसतात. म्हणून आधी आपल्या हातातला प्रत्येक लाभ कशावर बेतलेला आहे ते बघायचं: कमाईवर की अपंगत्वावर. अपंगत्वावर बेतलेला लाभ पगार कितीही झाला तरी जात नाही. कमाईवर बेतलेला लाभ मर्यादेच्या एक रुपया वर गेलात तरी सहसा पूर्ण जातो, कारण आपल्याकडे थोडाथोडा कमी करत नेण्याची पद्धत जवळजवळ नाहीच.

| लाभ | कोणाचं उत्पन्न धरतात | मर्यादा | मर्यादा ओलांडली तर |
|---|---|---|---|
| संजय गांधी निराधार अनुदान | पूर्ण कुटुंबाचं | दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० | पूर्ण बंद |
| प्राधान्य कुटुंबाचं रेशन | पूर्ण कुटुंबाचं | शहरात ५९,०००, ग्रामीण भागात ४४,००० | कार्डाचा गट बदलतो |
| केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याचं कुटुंब निवृत्तिवेतन | फक्त त्या अपत्याचं, सर्व मार्गांचं | पालकाच्या शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के अधिक महागाई मदत | पूर्ण बंद |
| पालकांच्या सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना) कार्डावरचे उपचार | त्या अपत्याचं | महिना ९,००० अधिक त्यावरची महागाई मदत | अवलंबित म्हणून नाव निघतं |
| एडिप (दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणारी केंद्राची योजना) मधली साधनं | स्वतःचं. अवलंबित असल्यास पालकांचं | महिना २२,५०० पर्यंत मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत | सवलत नाही |
| ईएसआयचा (कामगार राज्य विमा) कायम अपंगत्व लाभ | कोणाचंच नाही | नाही | लागू नाही |
| यूडीआयडी, एसटी, रेल्वे सवलत, निरामय आरोग्य विमा | कोणाचंच नाही | नाही | लागू नाही |

शेवटच्या दोन ओळींबद्दल मनात शंका ठेवू नका. यूडीआयडी कार्ड हे अपंगत्वाचा पुरावा आहे, गरिबीचा नव्हे. अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरा पट्टा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि पुढे निळा; पगाराचा रकाना त्यात कुठेच नाही. व्यवसाय करात तर नोकरी लागल्यावरच फायदा सुरू होतो: ४० टक्के किंवा अधिक कायम अपंगत्व असलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात वर्षाचे २,५०० रुपये माफ आहेत. कंपनी आपणहून हे करत नाही. रुजू होतानाच प्रमाणपत्राची प्रत मनुष्यबळ विभागाला द्या आणि पहिल्या पगारपत्रकात २०० रुपये कापलेत का ते बघा.

संजय गांधी योजना विरुद्ध पगार

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना या योजनेत महिना २,५०० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला ३०,०००. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ५०,००० म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६. घरात दुसरं कोणीही कमावत असेल तर ही मर्यादा तुमच्या पगाराआधीच भरते. त्यामुळे पूर्ण वेळेची, रीतसर पगाराची नोकरी आणि ही पेन्शन या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत असं धरूनच हिशोब मांडा.

हिशोब असा. पगार १२,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ९० कापले जातील. रोज रिक्षाला १०० लागत असतील तर २६ दिवसांचे २,६००. हातात उरले ७,८७०. त्यातून गेलेली २,५०० ची पेन्शन वजा केली तर खरी रोख वाढ ५,३७०. शिवाय तुमचे १,४४० आणि मालकाचे तेवढेच पीएफ आणि ईपीएसमध्ये (पीएफसोबतची पेन्शन योजना) जमा होतात, आणि ईएसआयमुळे घरच्यांच्याही दवाखान्याची सोय होते. इथे नोकरी घ्यावी. आमच्या मते यात दुसरा विचार करण्यासारखं काही नाही.

आता पगार ६,००० धरा, पीएफ नाही, ईएसआय नाही, रिक्षा तीच. ३,४०० उरतात, पेन्शन गेली की वाढ फक्त ९०० ची. वर रेशनकार्डाचा गट बदलला तर तेवढंही राहणार नाही. असं काम अनुभवासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण पैशांसाठी घेताय अशी समजूत नको. तेच ६,००० घरबसल्या मिळणार असतील तर रिक्षाचे २,६०० वाचतात आणि चित्र पालटतं. दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत पगाराच्या आकड्याइतकंच महत्त्व जाण्यायेण्याच्या खर्चाला आहे. मदतनीस लागत असेल तर त्याचेही पैसे याच हिशोबात धरा. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण घरापासून थांब्यापर्यंत कसं जायचं हा प्रश्न सवलतीने सुटत नाही.

चुका कुठे होतात? पहिली म्हणजे कळवायचंच नाही. पीएफ खातं आधारला जोडलेलं असतं, अनुदानही आधार जोडलेल्या खात्यात येतं. दोन्हीकडे तुमचीच ओळख आहे. पुढे तपासणीत निघालं तर घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते, आणि खोट्या उत्पन्न दाखल्याचं प्रकरण वेगळं. नोकरी लागल्यावर तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेला साध्या कागदावर लेखी कळवा आणि पोच घ्या. ती पोच पुढे नोकरी सुटली तर कामाला येते.

दुसरी चूक परत येण्याच्या वाटेवर होते. नोकरी सुटली की दुसऱ्या महिन्यापासून अनुदान पुन्हा सुरू होईल असं लोक धरतात. तसं होत नाही. नव्याने अर्ज, नवा उत्पन्न दाखला आणि मग मंजुरी, असा सगळा फेरा पुन्हा असतो. त्यात दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो. डिसेंबरमध्ये काम सुटलं तरी कागदावर त्या वर्षाचा पगार दिसतो आणि तुम्ही मर्यादेबाहेर राहता. म्हणून पेन्शन सोडून नोकरी धरणाऱ्याने सुरुवातीच्या पगारांतून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकावा. तिसरी गोष्ट एडिपची: श्रवणयंत्र, तीनचाकी, कृत्रिम पाय यांची गरज असेल आणि पगार २२,५०० च्या वर जाणार असेल, तर पात्र असतानाच अर्ज करून ठेवा.

कुटुंब निवृत्तिवेतन: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

आई किंवा वडील केंद्र सरकारी नोकरीत होते आणि दोघांच्या पश्चात दिव्यांग मुलाला किंवा मुलीला निवृत्तिवेतन मिळतंय, अशा घरांनी हा भाग दोनदा वाचावा. ८ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने जुनी, सर्वांना एकसारखी मर्यादा गेली. आता त्या अपत्याचं इतर मार्गांचं उत्पन्न त्याला मिळणाऱ्या साधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा (वरच्या तक्त्यातले ३० टक्के अधिक महागाई मदत) कमी असलं पाहिजे. मर्यादा प्रत्येक घरासाठी वेगळी ती यामुळेच.

वडिलांचं शेवटचं मूळ वेतन ६०,००० होतं समजा. त्याचे ३० टक्के १८,०००. महागाई मदत ५८ टक्के धरली तर १०,४४०. मर्यादा झाली २८,४४०, आणि निवृत्तिवेतनही तेवढंच. आता पगाराचे दोन आकडे शेजारी ठेवा:

पगार २८,००० असेल तर निवृत्तिवेतन चालू, एकूण ५६,४४०.
पगार २९,००० असेल तर निवृत्तिवेतन बंद, एकूण २९,०००.

हजार रुपयांच्या पगारवाढीने घरात येणारे सत्तावीस हजार चारशे चाळीस कमी होतात. अशा वेळी पूर्ण वेळेऐवजी कमी तासांचं काम मागणं हा शहाणपणा आहे, त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. उलट पगार ६०,००० च्या आसपास असेल आणि नोकरी टिकाऊ असेल तर निवृत्तिवेतन सोडून देणं परवडतं. २९ ते ५६ हजारांच्या मधला पट्टा मात्र सरळ तोट्याचा आहे.

यात लोक व्याज विसरतात. मर्यादेत फक्त पगार धरत नाहीत, सगळं उत्पन्न धरतात. वडिलांनी प्रेमापोटी २० लाखांची मुदत ठेव मुलाच्या नावे करून ठेवली असेल आणि व्याज ७ टक्के असेल, तर वर्षाचे १,४०,००० म्हणजे महिन्याला साधारण ११,६६७ त्या मर्यादेतून आधीच गेले. मग २८,४४० पैकी पगारासाठी उरतात १६,७७३ च. ठेवी, घरभाडं, शेतीचं उत्पन्न कोणाच्या नावे ठेवायचं हे पालकांनी हयातीतच या नियमाकडे बघून ठरवावं, मृत्युपत्र करतानाही हा आकडा समोर ठेवावा. उत्पन्नाचं स्वयंप्रमाणपत्र दरवर्षी द्यावं लागतं, तेव्हा व्याजासकट खरा आकडा लिहा.

पालक हयात असताना सीजीएचएसची मर्यादा वेगळी आणि बरीच खालची आहे, हेही ध्यानात असू द्या. ९,००० वर ५८ टक्के धरले तर १४,२२०. त्यापुढे पगार गेला की पालकांच्या कार्डावरून नाव निघतं. नव्या नोकरीत ईएसआय असेल तर उपचारांत खंड पडत नाही. दिव्यांग कर्मचाऱ्याला ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २१,००० ऐवजी २५,००० आहे. रुजू होण्याआधी हा एक प्रश्न मालकाला विचाराच, विशेषतः फिट्सची औषधं किंवा नियमित थेरपी चालू असेल तर.

वरचे आकडे केंद्राचे आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या अपत्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू होतात. तिथली मर्यादा कोषागारातून लेखी घ्या, शेजाऱ्याच्या केंद्रीय पेन्शनवरून ठरवू नका.

कामावर अपघात झाला असेल तर

ईएसआयचा कायम अपंगत्व लाभ पगारासोबत मिळतो, आणि तरीही भीतीने कामावर परत न जाणारे कामगार आहेत. बोटं तुटली, वैद्यकीय मंडळाने कमाईक्षमतेत २० टक्के घट ठरवली. सरासरी रोजचा पगार ५०० असेल तर ९० टक्के म्हणजे ४५०, त्याचे २० टक्के ९० रुपये रोज, महिन्याला २,७००. हे पैसे आयुष्यभर येतात. त्याच कारखान्यात परत रुजू व्हा, दुसरीकडे जास्त पगारावर जा, लाभाला धक्का लागत नाही. कामावर गेल्यावर थांबतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ. दोन्हींची नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. हा लाभ हातचा जातो तो कमाईमुळे नव्हे, अपघाताची नोंदच नसल्यामुळे. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद हवी आणि मालकाने फॉर्म १२ (अपघाताचा अहवाल) भरून ईएसआयच्या शाखा कार्यालयाला पाठवायला हवा. मुकादम म्हणाला "आधी बरा हो, मग बघू", तर त्याचं ऐकू नका.

पगारी नोकरी की स्वतःचा धंदा

धंद्यात उत्पन्न कमीजास्त करता येतं असं नाही, पण ते हळूहळू वाढतं, त्यामुळे मर्यादेजवळ पोचायला वेळ मिळतो. झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, शिलाई अशा कामात गल्ल्यात आलेले पैसे म्हणजे उत्पन्न नव्हे. माल, भाडं, वीज वजा जाता उरतं ते उत्पन्न. ते दाखवायला वही लागते. वही नसेल तर चौकशीला आलेला माणूस गल्ल्याकडे बघून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज तुमच्या सोयीचा नसतो. ग्रामपंचायत आणि पालिकांच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून साहित्य किंवा स्टॉल मागता येतो; अर्ज मार्च अखेरीस न देता वर्षाच्या सुरुवातीला द्या.

करांच्या बाजूने एक गोष्ट: जुन्या करपद्धतीत मुलाने स्वतःच्या अपंगत्वाची ८०यू वजावट (७५,००० किंवा ८० टक्के आणि पुढे १,२५,०००) घेतली की वडिलांना त्याच मुलासाठी ८०डीडी (अवलंबित दिव्यांगासाठीची वजावट) घेता येत नाही. मुलाचा पगार करपात्रच नसेल तर त्याने ती वजावट मागून वडिलांचं नुकसान करू नये.

सरकारी नोकरी मिळत असेल तर या सगळ्या तुलनेची गरज उरत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ४ टक्के आरक्षण आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कमी करता येत नाही, पगार तोच ठेवून दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. हे दुसरं संरक्षण खासगी मालकाला तसंच्या तसं लागू नाही. खासगी ठिकाणी २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी समान संधी धोरण लेखी असावं लागतं. मुलाखतीत ते मागा. रॅम्प, स्क्रीन रीडर, बदललेले कामाचे तास यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचून मगच पेन्शन सोडण्याचा अर्ज लिहायला घ्या.