सोयाबीनवर ड्रोनची फवारणी, माझा अनुभव

औंदा पहिल्यांदाच ड्रोननं फवारणी करून घेतली. औसा तालुक्यात साडेचार एकर सोयाबीन हाय, चक्री भुंगा दिसायला लागला होता आन् पाऊस रानात पाय ठेवू देईना, गडी तर सापडतच नाहीत, म्हणून शेजारच्या गावच्या बचत गटाच्या ताईंना फोन केला. एकरी ५०० रुपये, औषध आपलं. १० लिटरच्या एका टाकीत एकर होतंय, ते बी सात-आठ मिनिटात. पाठीवरच्या पंपानं त्याच एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी वाहावं लागायचं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे औषध अंगावर येत नाही. २०१७ ला यवतमाळकडं फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली, आमचा धाकटा भाऊ बी एकदा रानातच चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून घरात फवारणीचा दिवस म्हटलं की जीव टांगणीला.

रिझल्ट चांगलाय. पण पीक दाट झालंय तिथं खालच्या पानापर्यंत औषध पोचलं नाही आन् बांधावरच्या बाभळीपाशी सोयाबीनच्या चार ओळी सुटल्या, त्या मी पंपानं मारल्या.

खरी तक्रार वेगळीच. बोलावल्यापासून सहाव्या दिवशी आले, तोवर भुंग्यानं बरीच झाडं कापली. कारण विचारलं तर बॅटरी गेली आन् नवीन येईना. सरकारनं २०२२ च्या फेब्रुवारीत तयार ड्रोनची आयात बंद केली, सुट्या भागांना मुभा ठेवली, आन् बॅटरीतले सेल अजून बहुतेक चीनमधूनच येतात, तिकडून अडलं की इथं ड्रोन उभा. डीएपी खताचं बी तेच झालं, चीननं २०२१ पासून निर्यात आवळली तसं ऐन पेरणीत एका पोत्यासाठी चार दुकानं हिंडतोय. पोटॅश खत तर जवळजवळ सगळंच बाहेरच्या देशातलं, युरियाला लागणारा गॅस बी बराचसा बाहेरचा. म्हणजे भांडण कुठल्यातरी दोन देशांचं आन् फवारणी चुकती माझी. उद्या कुणी सेल अडवले तर ड्रोन काय, पेरणीयंत्रं बी बॅटरीवर आली तर ती बी उभीच राहतील, म्हणून मला वाटतं सेल इथंच बनायला पायजे, अनुदान द्यायचं तर आधी तिथं द्या.

शेंगा भरताना परत ह्याच ताईंना बोलावणार हाय. तुम्ही बोलावणार असाल तर आठवडाभर आधी सांगा आन् चार्ज केलेले बॅटरीचे सेट किती हाईत ते आधी विचारा, ह्यांच्याकडं आता तीन झालेत.