छतातला सबवूफर आणि त्याचा ॲम्प्लिफायर: दोनदा सीलिंग कापल्यानंतरचा अभिप्राय

पुण्यातल्या आमच्या सदनिकेचे नूतनीकरण करताना हॉल, जेवणाची जागा आणि दोन शयनगृहे यांत सीलिंग स्पीकर बसवायचे हे आधीच ठरले होते. प्रश्न होता तो फक्त खालच्या सुरांचा. हॉलच्या ज्या कोपऱ्यात ते वाजवणाऱ्या सबवूफरची पेटी शोभली असती, तिथे आईचे देवघर आहे आणि त्याबाबत चर्चेला वाव नव्हता. त्यामुळे सबवूफरही छतातच घ्यायचा असे ठरले आणि पुढच्या वर्षभरात एकाच जागचे सीलिंग दोनदा कापावे लागले. पहिल्यांदा कापले ते सबवूफर बसवण्यासाठी, दुसऱ्यांदा तो काढण्यासाठी.

या जातीच्या उत्पादनांची माहितीपत्रके वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, की ती बहुतांशी अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी लिहिलेली असतात. तिथे छताच्या लाकडी तुळया साधारणपणे १६ इंचांच्या अंतराने असतात आणि सबवूफरची पेटी दोन तुळयांमध्ये बसेल अशाच मापाची केलेली असते. आपल्याकडे वर आरसीसीचा स्लॅब, त्याखाली पत्र्याच्या जीआय चॅनेलची जाळी आणि त्या जाळीला स्क्रूने आवळलेला १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड असतो. ही रचना दिव्यांचा भार सहज पेलते, पण सेकंदाला चाळीस वेळा बसणारे धक्के सोसण्यासाठी ती केलेलीच नसते.

आमच्याकडे पहिल्यांदा बसवला तो आठ इंची, मागून उघडा, पॅसिव्ह प्रकारचा, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर नसलेला स्पीकर. विक्रेत्याने त्याला सबवूफर म्हटले, बिलावरही तसेच लिहिले. प्रत्यक्षात तो वरचे सूर वाजवणारा ट्वीटर काढून टाकलेला सीलिंग स्पीकरच होता. डाउनलाइटसारखे गोल भोक पाडायचे, चार पाकळ्या फिरवून बोर्डाला घट्ट करायचे आणि मोकळे व्हायचे. अशा उघड्या स्पीकरचा मागचा आवाज छताच्या पोकळीत सुटतो, आणि आमच्या हॉलपासून पॅसेजपर्यंतची पोकळी सलग असल्याने तो एसीच्या पाइपसाठी भिंतीत ठेवलेल्या भोकातून थेट शयनगृहात उतरत असे. हॉलमध्ये बसलेल्याला खर्ज जेमतेम ऐकू येई आणि आत झोपलेल्याला मात्र नको तितका.

त्यात खडखडीची भर पडली. मोबाइलवरून २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावला आणि शिडीवर उभे राहून एकेक गोष्ट बोटाने दाबून पाहिली. ४७ हर्ट्झला एका डाउनलाइटची कडी झिणझिणत होती, त्याच्या थोडे वर पंख्याची वाटी, आणि ५८च्या आसपास बोर्डाच्या आतला एक सैल स्क्रू, जो शोधायला अख्खी दुपार गेली. सीलिंगवाल्या कारागिराने बोटाच्या पेराने बोर्डावर टकटक करत चॅनेल नेमके कुठे आहे ते सांगितले आणि म्हणाला, "साहेब, बोर्डाला टांगलं की बोर्ड वाजणारच. टांगायचं तर स्लॅबला टांगा." या खरेदीत मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला हाच, आणि तो फुकट मिळाला.

म्हणून दुसऱ्या वेळी बंद पेटी. दहा इंची, कमी खोलीचा ड्रायव्हर, म्हणजे पेटीविना नुसता स्पीकर घेतला आणि त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या घनफळाप्रमाणे सुतारकाकांकडून १८ मिलिमीटर प्लायची पेटी करून घेतली: बाहेरून २४ इंच लांब, १६ इंच रुंद, ७ इंच खोल, म्हणजे आतून साधारण ३० लिटर. आमचे सीलिंग स्लॅबपासून नऊ इंच खाली असल्याने ती बसली. सीलिंग पाच-सहा इंचांवर असेल तर हा नाद सोडलेलाच बरा. पेटी स्लॅबमध्ये ठोकलेल्या अँकर फास्टनरना चार थ्रेडेड रॉडवर, मध्ये रबराचे बफर घालून टांगली आहे. ती बोर्डाला कुठेही टेकत नाही. तोंडाभोवतीची फट नरम फोमने बुजवली आहे आणि खालून फक्त जाळी दिसते. तयार पेटी हवी असल्यास तीही मिळते. काही कंपन्या छतातला सबवूफर, त्याची बंद पेटी आणि ॲम्प्लिफायर असा संचच विकतात. खर्च झेपत असेल तर तो मार्ग कमी कटकटीचा.

आवाजाबद्दल सांगायचे तर फरक पहिल्याच मिनिटाला कळला. पखवाजाची थाप आता थाप वाटते आणि डग्ग्यावरची मींड सरकताना ऐकू येते. पूर्वी तिथे नुसते धप् होत असे. चित्रपटातल्या स्फोटांनी सोफा हादरावा अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. एक सप्तक खाली उतरून तितकाच मोठा आवाज काढायचा तर बंद पेटीतल्या कोनला, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट अंतर हलावे लागते, आणि कमी खोलीच्या ड्रायव्हरला तेवढी जागाच नसते. म्हणून माहितीपत्रकावर नुसते "२८ हर्ट्झ" लिहिलेले असेल, तर तो आकडा उणे ३ डेसिबलचा आहे की उणे १० डेसिबलचा, म्हणजे तिथे आवाज किती घटलेला असतो, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आमच्या पेटीत चाळिशीच्या खाली आवाज झपाट्याने ओसरतो, आणि गाणे ऐकण्यासाठी ते पुरेसे आहे.

एक दोष मात्र राहिला आहे, आणि तो यंत्राचा नसून खोलीचा आहे. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. आमच्या जमिनीपासून सीलिंगपर्यंतची उंची पावणेनऊ फूट, आणि एवढ्या उंचीत उभ्या दिशेची पहिली अनुनादी, म्हणजे जमीन आणि छत यांच्यात घुमत राहणारी, लहर ६४ हर्ट्झच्या आसपास पडते. या लहरीचा जोर जमिनीशी आणि छताशी सर्वाधिक असतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. परिणाम असा, की सोफ्यावर बसल्यावर कान साडेतीन फुटांवर येतात आणि खर्ज विरळ लागतो. तोच चटई टाकून आडवे झाले की भरून येतो. वडिलांना ही गोष्ट माझ्या कितीतरी आधी कळली होती, कारण ते दुपारी जमिनीवरच आडवे होतात आणि "आवाज छान आहे की" म्हणतात. इक्वलायझरने ६४ हर्ट्झचा फुगवटा कमी करता येतो, पण मध्यावरचा खड्डा भरून काढता येत नाही. तिथे ताकद वाढवली तर ती जमिनीवर आडव्या झालेल्याच्या कानात जाते.

आता ॲम्प्लिफायर. छतातले सबवूफर बहुतेक पॅसिव्ह असतात आणि ते योग्यच आहे, कारण बंद पोकळीत तापणारे विद्युत उपकरण ठेवू नये. पण याचा अर्थ असा, की त्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, आणि अनेकांचा घोटाळा इथेच होतो. हॉलमधल्या स्पीकरसाठी आम्ही सोनोस ॲम्प घेतला. त्यात ८ ओहमवर प्रत्येक चॅनेलला, म्हणजे डाव्या आणि उजव्या स्पीकरला, १२५ वॅट मिळतात आणि मागे सबवूफरसाठी एक आरसीए जोडणी असते. ती जोडणी केवळ संकेत देते, ताकद देत नाही. पॅसिव्ह सबवूफरची तार तिला जोडली तर काहीही वाजणार नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ५० ते ११० हर्ट्झदरम्यान ॲपवरून ठरवता येतो. आम्ही ८०वर ठेवला आहे, कारण त्याच्या वर गेल्यास आवाज छतातून येतो हे कानाला कळू लागते. शयनगृहात वीम ॲम्प आहे, ८ ओहमवर ६० वॅटचा. त्याच्यातही सबवूफरची जोडणी आहे, परंतु शयनगृहात आम्ही ती रिकामी ठेवली आहे आणि तिची उणीव भासलेली नाही. प्रत्येक खोलीत सबवूफर हवाच, असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे.

सबवूफरसाठी क्राउनचा एक्सएलएस १००२ घेतला. हे मुळात स्टेजच्या कामाचे यंत्र, म्हणून दिसायला रांगडे, पण ४ ओहमवर प्रत्येक चॅनेलला ३५० वॅट देते आणि त्यात आरसीए जोडण्या थेट लागतात. आमच्या ड्रायव्हरची क्षमता याहून कमी आहे. तरीही जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर आवाज मर्यादेत ठेवून चालवणे हे कमी ताकदीचा फाटेपर्यंत पिळण्यापेक्षा ड्रायव्हरच्या दृष्टीने सुरक्षित असते. त्याच्यात स्वतःचा क्रॉसओव्हरही आहे. सोनोसने आधीच गाळलेला संकेत पुन्हा गाळला जाऊ नये म्हणून तो बंद ठेवावा लागतो, आणि हे लक्षात येईपर्यंत आठवडाभर मी सबवूफर कमजोर आहे असेच समजत होतो. यंत्रात पंखा आहे, तो शांत खोलीत ऐकू येतो. त्यामुळे आमचे यंत्र पॅसेजमधल्या, मागून जाळी लावलेल्या कपाटात आहे.

तारेबाबत इलेक्ट्रिशियनचे सगळे ऐकू नये. आमचा १ चौरस मिलिमीटरची तार टाकायला निघाला होता. कपाटापासून पेटीपर्यंत १५ मीटर अंतर आहे, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे ०.२२ ओहम रोध होतो, जो ४ ओहमच्या भाराला चालतो. त्यानेच सुचवलेली १०० व्होल्ट लाइनची पद्धत, जिच्यात प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, दुकानात किंवा शाळेत घोषणांसाठी उत्तम आहे, पण तिच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खर्ज धडपणे पार होत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी पहिल्याच दिवशी विचारले. रबराचे बफर असूनही स्लॅबमधून थोडा कंप जातो, विशेषतः त्यांचा पलंग नेमका वर असल्याने. रात्री दहानंतर सबवूफर बंद, असे आमचे ठरले आहे. ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्रही दहालाच सुरू होते, त्यामुळे वाद झाला नाही.

क्राउनचा दुसरा चॅनेल सध्या रिकामा आहे. छतात एक आणि जमिनीवर एक असे दोन सबवूफर एकाच फेजमध्ये, म्हणजे दोघांचे कोन एकाच वेळी आत-बाहेर होतील असे वाजवले, तर ती उभी लहर बरीचशी आपोआप मिटते, म्हणून सीलिंग बंद करण्याआधी एक तार भिंतीतून देवघराच्या कोपऱ्यापर्यंत उतरवून ठेवली आहे. आईला ती अजून दिसलेली नाही.